चुलीपुढची कव

लग्न होऊन मी या घरात आले, त्यानंतर अकरा वर्षं मी माझ्या सासऱ्यांशी एक शब्दही बोलले नव्हते. भांडण नव्हतं. आमच्या मासेमार वस्तीत तेव्हा रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, ते समोरून आले तर भिंतीकडे सरायचं, आणि काही सांगायचं असलं तर सासूच्या तोंडून सांगायचं. मला ही रीत कधी जड गेली नाही. मी मुळातच अबोल. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथेही बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही खाली बघत राहायची.

आमचं गाव तारापूरच्या खालच्या अंगाला, अगदी किनाऱ्यावर. ओट्यावर उभं राहिलं की समोर समुद्र आणि उजव्या हाताला दूर वीज केंद्राची उंच चिमणी. सासरे आमच्या बोटीचे तांडेल. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, कधी ओढायचं, हे सगळं तांडेलाच्या शब्दावर. माझा नवरा आणि धाकटा दीर त्यांच्या हाताखाली खलाशी.

बोलायचं नाही म्हणून बोलणं अडलं मात्र नाही. सासरे जेवायला बसले की मांजरीला सांगत, "आज कालवणात मीठ घालायचं इसरलं वाटतं कोनीतरी." मी आतून सासूच्या कानात पुटपुटायची. सासू मोठ्यानं म्हणायची, "मांजरी सांगते, मिठाचा डबा दोन दिस खाली हाय. आनायला गेलेला मानूस चकाट्या पिटून परत आला." सासरे ताटात बघून हसायचे. मी पदराआड हसायची.

पण खरं बोलणं त्याहूनही मुकं होतं. भाकरीचा शेवटचा तुकडा त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला की पोट भरलं, मध्येच ठेवला की अजून अर्धी चालेल. ओट्यावर काठी एकदा टेकली की चहा, दोनदा टेकली की पाहुणा आहे, दोन कप. किनाऱ्यावरून येताना त्यांच्या पावलांवरून मला कळायचं, बोंबील भरपूर आहेत की जाळं रिकामं आलं. मी तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवला तर पाणी थंड आहे, बाहेर ठेवला तर उन्हानं कोमट झालंय, थांबा. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं आपोआप साठत गेलं.

मग त्यांचे शब्द जायला लागले.

पहिल्यांदा मी पाहिलं ते किनाऱ्यावर. बोट लागली होती, बायका टोपल्या घेऊन गोळा झाल्या होत्या. सासऱ्यांनी एक मोठं पापलेट उचललं, ते मला दाखवायचं म्हणून सासूपुढे धरलं आणि म्हणाले, "हा घे. हा... पांढरा. गोल. हा." ज्या माणसाला पाण्याखालच्या माशाची जात जाळ्याच्या ओढीवरून कळायची, त्याला हातातल्या पापलेटाचं नाव आठवेना. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "तांडेल सकाळीच टाकून आलं जनू." सगळ्या हसल्या. घरी आल्यावर सासूनं त्यांच्या तोंडाचा वास घेतला. "ताडी तर नाय," ती म्हणाली, आणि तिला ती नसल्याचंच वाईट वाटलं असावं. ताडी उतरते.

दोन वर्षं हे वाढत गेलं. जाळ्याला ते 'भोकाचं' म्हणू लागले, नांगराला 'खाली जानारं'. मग तेही शब्द गेले आणि 'ते' एवढंच राहिलं. "ते दे. अरं, ते." हातानं खूण करायचे, आणि घरातले सगळे एकदम तुटून पडायचे. "पानी? तंबाकू? छत्री? चपला? टॉवेल?" दीर तर बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडायचा. "बाबा, काय पायजे सांग ना नीट!" पाच माणसं पाच शब्द फेकायची आणि सासरे त्या शब्दांच्या मध्ये उभे राहून एकेकाच्या तोंडाकडे बघायचे. एक पुरता समजेपर्यंत चार पुढे गेलेले असायचे. शेवटी ते भिंतीवर मूठ मारायचे. मग सगळे म्हणायचे, बाबा तापट झाला, डोकं फिरलं.

मी आतून बघत असायची. मला दिसायचं की त्यांना सगळं कळतंय. नवऱ्यानं तिथी चुकीची सांगितली, आज अष्टमी म्हणाला, की ते मान हलवून एक बोट वर करायचे. नवमी. मागे दोघं भाऊ डिझेलबद्दल खोटं बोलत असले की त्यांच्या भुवया चढायच्या. फाटलेलं जाळं ते असं विणायचे की गाठ कुठली जुनी आणि कुठली नवी, ओळखू येत नसे. पण हे मी कोणाला सांगणार? सासऱ्यांबद्दल सुनेनं चारचौघांत बोलायचं नसतं.

होळीला तर कहर झाला. आमच्याकडे होळीला बोटी सजवतात, पुरुष रात्रभर गातात. सासरे एका कडेला बसले होते. गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीला त्यांनी आवाज लावला. सगळं कडवं गायले. एक शब्द चुकला नाही, एक अडला नाही. मग पुढचंही. ज्यांना घोटभर पाणी मागता येत नव्हतं, ते डोळे मिटून बारा ओळींचं गाणं म्हणत होते. समुद्राच्या तळाशी गेलेली वस्तू ओहोटीला अचानक उघडी पडावी तसं ते होतं. सासू पदराला डोळे पुसत होती. गाणं संपलं, दीर धावत त्यांच्यापुढे जाऊन बसला. "बाबा! आता बोल! माजं नाव सांग!" सासऱ्यांनी तोंड उघडलं. "तू... हा... तू." दीर उठला. त्याचा चेहरा पडला होता. "गाता येतं आनि बोलता येत नाय व्हय? नाटकं करतोय हा."

तो वाईट मुलगा नव्हता. त्याला वडील परत हवे होते, आणि ते क्षणभर आले असं वाटून पुन्हा गेले होते.

त्यानंतर बोईसरला एका डॉक्टरकडे नेलं. मीही गेले, सासूचे गुडघे धरले होते म्हणून सोबतीला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "आजोबा, नाव काय तुमचं?" नवऱ्यानं नाव सांगितलं. "वय?" दिरानं सांगितलं. "त्रास काय होतो?" दोघांनी एकदम सांगितलं. डॉक्टरांनी हात वर केला. म्हणाले, "तुम्ही दोघं जरा बाहेर बसता का? बाई थांबतील." मी कोपऱ्यात पदर घेऊन थांबले. त्यांनी खिशातलं पेन काढून दाखवलं, "हे काय आहे?" सासऱ्यांना नाव येईना. पण त्यांनी ते पेन हातात घेतलं, टोपण काढलं, आणि तळहातावर लिहिल्यासारखं करून दाखवलं. "उजवा हात डाव्या कानाला लावा." लावला. "दार बंद आहे की उघडं?" त्यांनी उघड्या दाराकडे बोट दाखवलं, आणि दाराबाहेर कान लावून उभ्या असलेल्या दिराकडेही. डॉक्टर हसायला लागले.

मग त्यांनी मुलांना आत बोलावून सांगितलं, "मी असा पेशंट आधी पाहिला नाही. मुंबईला दाखवा. पण वेड नाहीये हे. यांची भाषा जातेय. समज बरीच शाबूत आहे. एका वेळी एकानं बोला, एकच गोष्ट विचारा, आणि थांबा. वस्तू दाखवा." मुंबईच्या मोठ्या इस्पितळातही नेलं. तिथे सांगितलं, औषध नाही, हळूहळू वाढेल. घरी येताना मुलांनी एवढंच आणलं: औषध नाही. बोईसरच्या डॉक्टरांचं थांबण्याचं सांगणं वाटेत कुठेतरी पडून गेलं. मला ते ऐकू आलं होतं. पण मी कोपऱ्यात होते.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर नवा हंगाम सुरू व्हायचा होता. इथे मला थोडं समुद्राचं सांगावं लागेल. आमची जाळी डोलीची. समुद्राच्या तळात लांब खुंट ठोकायचे आणि त्यांना जाळं बांधायचं, भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर मासा आत येतो. खुंट ठोकायची प्रत्येक घराची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. तिला आम्ही कव म्हणतो. कव म्हणजे पाण्यातलं शेतच, पण त्याला बांध नाही, दगड नाही. चहूकडे सारखंच पाणी. पावसाळ्यात खुंट वाहून जातात, आणि दर साली ती जागा नव्यानं शोधावी लागते. ती तांडेल शोधतो, जमिनीकडे बघून. किनाऱ्यावरची एक खूण मागच्या डोंगराच्या एका खुणेवर बसवायची. ती एक रेघ. दुसरी खूण दुसऱ्या डोंगरावर बसवायची. ती दुसरी. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आपली कव. दहा वाव, म्हणजे दहा वेळा पसरलेल्या दोन हातांएवढं, इकडे गेलं तर दुसऱ्याच्या कवीत.

आमच्या घरात हे गणित सासऱ्यांच्या डोळ्यांत होतं. मुलं बरोबर असत, पण ती दोर सोडण्यात, इंजिन सांभाळण्यात. सुकाणूवर डोळा त्यांचाच. मुलांना एवढं ठाऊक होतं की किनाऱ्यावरच्या ताडाच्या जोडीवरून पहिली रेघ धरतात. आणि ती ताडाची जोड रस्ता रुंद करताना गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तोडली गेली होती.

नारळी पौर्णिमा झाली. दोघं भाऊ ओट्यावर बसले आणि ठरलं, या साली नवरा तांडेल. सासरे घरी राहतील. ते शेजारीच बसले होते. त्यांच्यासमोर ठरलं, जसं ते तिथे नाहीतच. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि उठून नवऱ्याचा दंड धरला. समुद्राकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या डोळ्याकडे, मग नवऱ्याच्या डोळ्याकडे. "ते... अरं, ते नाय... ते..."

नवरा म्हणाला, "बाबा, तांडेलकी सोडवत नाय तुला, कळतंय मला. पन आता नाय जमायचं."

सासऱ्यांनी जोरानं मान हलवली. पुन्हा डोळ्याकडे बोट. दीर म्हणाला, "डोलं दुखतात काय?" सासरे उठून गेले. चार दिवस हेच. ते दार अडवून उभे राहायचे, सुकाणूचा दांडा घरात आणून लपवला, एकदा वल्हं फेकलं. गावात झालं की तांडेलाला गादी सोडवत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी चुलीपुढे होते. पुरुष बोटीकडे, सासू बोंबील वाळवायच्या काठ्या बांधायला बाहेर. सासरे आत आले. स्वयंपाकाच्या जागेत. अकरा वर्षांत त्यांनी त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. मी पदर ओढून कोपऱ्यात सरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाली बसले, दोन टोप उचलून शेजारी शेजारी पालथे घातले, मध्ये चार बोटं जागा ठेवली. चुलीतली राख ओंजळीनं काढून टोपांच्या अलीकडे तिचा ढीग केला, त्यात दोन काटक्या उभ्या खोचल्या. आता त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. मग त्या दोन्ही काटक्या बोटानं आडव्या पाडल्या.

मी ओळखलं. ताडाची जोड.

राख त्यांनी बाजूला केली. पाट्यावरचा वरवंटा घेतला आणि काटक्या होत्या त्याच्या डावीकडे, समुद्रातून बघताना असते त्या अंगाला, उभा ठेवला. इतका नीट, की मला ओट्यावरून दिसते ती चिमणीच तिथे उभी राहिली. मग तेलाचा चौकोनी डबा त्यांच्या बसण्याच्या बाजूनं दूर उजवीकडे, आणि त्याच्या अलीकडे तांब्या. काळदुर्गाचा माथा लांबून अगदी असाच चौकोनी दिसतो, आणि त्याच्या अलीकडे गावाच्या देवळाचा कळस. शेवटी त्यांनी नारळाची एक करवंटी घेतली. तिला जमिनीवरून हळूहळू ढकलू लागले, एक डोळा मिटून, गाल जवळजवळ जमिनीला लावून. वरवंटा दोन टोपांच्या बरोबर मध्ये दिसेपर्यंत. मग त्या रेघेवरूनच मागे, मागे, तांब्या डब्याच्या कडेला लागेपर्यंत. तिथे करवंटी थांबली. तिच्यावर त्यांनी तळहात दाबला.

समुद्र मी रोज पाहत होते, पण तो कधी असा पाहिला नव्हता. माझ्या शेणानं सारवलेल्या हातभर जमिनीवर सगळा किनारा मांडला होता, डोंगरांसकट. आणि तो मांडणाऱ्याला 'टोप' म्हणता येत नव्हतं, 'राख' म्हणता येत नव्हतं. मला तेव्हा कळलं, त्यांना गादी नको होती. द्यायची होती. ताड गेल्यावर त्यांनी गेल्या साली चिमणीची नवी रेघ स्वतःशीच बसवली होती, आणि मुलांना सांगायच्या आत शब्द संपले होते.

ते माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. समजलं. ते उठून गेले.

मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी रीतीनं गेले. सासूला कानात सांगितलं, आणि सासूनं दुपारी जेवताना मुलांना सांगितलं, "तुमचा बाप आज चुलीपुढं भातुकली मांडून बसला व्हता. राखेत हात घालून." एवढंच. तिच्यापर्यंत तेवढंच पोचलं होतं. दीर आधी हसला, मग ताटावरून उठून गेला. सासऱ्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि सासूकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

नवऱ्याला एकदा एकटं गाठून मी म्हटलं, "त्यांना कव दाखवायची हाय." तो म्हणाला, "कव मला ठाऊक हाय. वीस वरसं जातोय." मी म्हटलं, "ताड नाय आता." "ताड नसलं म्हनून काय? डोल्याला सवय हाय." मी पुन्हा म्हटलं नाही.

ते गेले आणि खुंट ठोकून आले. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या पाड्याची माणसं किनाऱ्यावर आली. त्यांचा तांडेल, सासऱ्यांच्याच वयाचा, पुढे होता.

"डोलं घरी इसरून गेलाव काय? आमच्या कवीत खुंट ठोकलात!"

"आमचीच जागा हाय ती," नवरा म्हणाला.

"तुमची? तुजा बाप चालीस वरसं आमच्या शेजारी येतो, एक वाव कधी इकडं सरकला नाय. त्याला आन. त्याला इचार."

"त्याला काय इचारता?" दीर म्हणाला. "पानी मागता येत नाय त्याला."

सासरे तिथेच उभे होते. सगळं ऐकत होते. त्या म्हाताऱ्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि नवऱ्याला म्हणाला, "परवापर्यंत खुंट काढा. पान्याची ओढ आता कमी हाय, चार दिस मिलतील. तेवढ्यात आपली जागा गाठा. नायतर कव मोकली रायली, की कोनी ना कोनी बसनार तिथं."

घरी येऊन सगळे ओट्यावर बसले. दोघं भाऊ एकमेकांवर ओरडत होते. तू म्हणालास म्हणून, तू म्हणालास म्हणून. सासरे दारात उभे राहून स्वतःच्या कपाळावर तळहात मारत होते. एकदा, दोनदा, तीनदा. मी आत पाट्यावर मसाला वाटत होते. तो आवाज माझ्याच्यानं ऐकवेना. मी उठले आणि बाहेर आले.

दिरानं माझ्याकडे पाहिलं. "वयनी, वरवंटा घेऊन? मारतेस काय आमाला?"

तेव्हा मला कळलं की तो माझ्या हातातच राहिलाय. मी सासऱ्यांसमोर उभी राहिले. मी म्हटलं, "बाबा, आत चला. पुन्हा मांडा."

अकरा वर्षांतले ते माझे पहिले शब्द. सासू म्हणाली, "अगो बया!" सासऱ्यांनी माझ्या हातातून वरवंटा घेतला आणि आत गेले.

त्यांच्या मागे सगळे आत आले. त्यांनी टोप ठेवले. नवरा लगेच, "हे काय, घर? बोट?" दीर, "डोंगर? पूल?" सासऱ्यांचे हात थांबले, चेहरा गोंधळला. मी म्हटलं, "गप बसा दोघं. मी इचारते." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी टोपावर हात ठेवला. "हे डोंगर?" मान हलली, हो. मी थांबले. दुसऱ्या टोपावर त्यांनी आपणहून हात ठेवला, मग मधल्या फटीत बोट. "खिंड?" हो. मी वरवंट्यावर बोट ठेवून उजवीकडच्या दाराकडे हात केला. "वीज केंद्राची चिमनी?" सासऱ्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. हो. हो.

मग त्यांनी नवऱ्याची मान धरली आणि खाली दाबली. नवरा आडवा झाला. सहा फुटांचा माणूस पोटावर पडून, गाल माझ्या सारवलेल्या जमिनीला लावून, एक डोळा मिटून. सासरेही त्याच्या शेजारी पालथे पडले आणि करवंटी ढकलू लागले. बाप-लेक तसे किती वेळ होते कोण जाणे. सासूनं दिव्याची वात मोठी केली.

"चिमनी," नवरा म्हणाला. "ताड सोडून चिमनीवर धरलीय त्यानं." मग आणखी थोडा वेळ. "आनि देऊल काळदुर्गाच्या कडंला. मधी नाय. कडंला. मी मधी धरत व्हतो." तो उठून बसला, त्याच्या गालाला शेण लागलं होतं. "बाबा, कवापासून?" सासऱ्यांनी एक बोट वर केलं. "एक वरस? आनि आमी तुला..." तो बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसून राहिला.

त्यानंतर सासरे चार वर्षं आमच्यात होते. शब्द सगळे गेले, नंतर हो म्हणायचं तिथे नाही व्हायला लागलं, मग आम्ही मानेवर विश्वास ठेवायचं सोडून हातांवर ठेवला. द्यायच्या दोन वस्तू समोर धरायच्या, ज्याला हात लागेल ती. रेडिओ बंद करायचा. बोलणाऱ्यानं समोर बसायचं, पाठीमागून हाक मारायची नाही. आणि वाट बघायची. हे सगळ्यात अवघड, घरातल्या बोलक्या माणसांना तर फारच. मला सोपं गेलं. मी रोज त्यांच्याजवळ बसून बोंबील उलटायची आणि एकेक वाक्य बोलायची. सासू म्हणायची, "आता तोंड फुटलंय, बंद कोन करनार?" ती रागावली नव्हती. मांजरीचं काम तिनं सोडलं नाही मात्र, शेवटपर्यंत मांजरीच्या नावानं त्यांना टोमणे मारत राहिली, आणि ते शेवटपर्यंत हसत राहिले.

पण त्या दुसऱ्या फेरीचं सांगायचं राहिलं. चुकीचे खुंट काढून झाले आणि त्या भांडणानंतर तिसऱ्या दिवशी बोट पुन्हा निघाली. सासरे सुकाणूवर. आम्ही बायका किनाऱ्यावर उभ्या होतो. बोट लहान होत होत दिसेनाशी झाली. पुढचं नवऱ्यानं मला सांगितलं, आणि सांगताना तो नेहमीसारखा बोलत नव्हता, देवळातून आल्यासारखा बोलत होता. बाहेर गेल्यावर सासऱ्यांनी उजवा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. इंजिन हळू केलं. ते जमिनीकडे बघत होते, हात वर. नवरा त्यांच्या मागे, त्यांच्या खांद्यावरून तीच रेघ बघत. चिमणी हळूहळू खिंडीत सरकली, देऊळ काळदुर्गाच्या कडेला आलं, आणि नवऱ्याच्या तोंडून "आता" निघालं, त्याच क्षणी हात खाली पडला. दीर शपथ घेऊन सांगतो, दोन्ही एकदम. खुंट तिथे ठोकले. शेजारच्या पाड्याचा म्हातारा आपल्या बोटीतून बघत होता. त्यानं टोपी काढून हलवली.

खुंट बसले तसं सासऱ्यांनी नवऱ्याचा हात धरून सुकाणूवर ठेवला आणि त्याच्यावर आपला हात दाबला. मग ते पुढे जाऊन बसले, जमिनीकडे पाठ करून.

जाळं बांधलं, भरतीसाठी थांबले, पहिलं जाळं ओढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट आली. बोंबील, करंदी, मांदेली, टोपल्या पुरणार नाहीत इतकं. मी धावत पाण्यात गेले. सासरे बोटीत ओल्या जाळ्याच्या ढिगावर झोपले होते, तोंड उघडं, कपाळावर ऊन. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. मासा त्या जाळ्याच्या पलीकडे होता, उतरवायचा तर त्यांना उठवावं लागणार.

"उन्हात बोंबील नासतील," सासू म्हणाली.

नवऱ्यानं हातातली टोपली खाली ठेवली. दिरानं आपला टॉवेल सोडला, दोन काठ्यांवर बांधून त्यांच्या तोंडावर सावली केली. टोपल्या घेऊन आलेल्या बायका आधी उभ्या राहिल्या, मग एकेक करून ओल्या वाळूत बसल्या. सासूही बसली.